युनिफाइड खेळ: संघात घेतलं, पण कप्तान कोण करणार?

रानजाई (धागाकर्ती)

आम्ही शिकागोच्या उपनगरात राहतो. लेक हायस्कूलमध्ये आहे आणि गेल्या हिवाळ्यापासून शाळेच्या युनिफाइड बास्केटबॉल संघात खेळते. हा प्रकार इथे सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून आधी तो सांगते, मग माझा प्रश्न.

एकाच संघात बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं एकत्र खेळतात. पहिल्यांना अ‍ॅथलीट म्हणतात, दुसऱ्यांना पार्टनर. मैदानावर पाच जण, त्यात तीन अ‍ॅथलीट आणि दोन पार्टनर. बदली खेळाडू उतरवतानाही हे प्रमाण मोडायचं नाही. वय आणि खेळातली तयारी शक्यतो जुळती हवी. पार्टनरने सामना एकहाती ओढायचा नाही, तो ओढत असेल तर प्रशिक्षकाचंच चुकतंय असं धरतात. लेक पार्टनर आहे, तिला सुरुवातीला हे फार जड गेलं. मोकळा बास्केट दिसतोय आणि चेंडू दुसऱ्याकडे द्यायचा, म्हणजे हात बांधल्यासारखंच.

उगम आमच्या शेजारचाच म्हणायचा. युनिस केनेडी श्रायव्हर (राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या बहीण) यांनी १९६२ मध्ये मेरिलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात अशा मुलांचं उन्हाळी शिबिर भरवलं. त्यातून पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिली स्पेशल ऑलिंपिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या क्रीडास्पर्धा, झाली, अमेरिका आणि कॅनडाचे मिळून हजारेक खेळाडू होते. त्या स्टेडियमवरून आम्ही कायम जातो, पण हे मला लेकीमुळे कळलं. तेव्हा सगळं वेगळं होतं, म्हणजे त्यांच्या स्पर्धा, त्यांचे खेळाडू आणि बाकीचे टाळ्या वाजवायला. मिश्र संघांची कल्पना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आली. २००८ पासून इथल्या केंद्रीय शिक्षण खात्याचा पैसा मिळायला लागला आणि ती शाळाशाळांत शिरली. आता त्या कार्यक्रमाचं नाव युनिफाइड चॅम्पियन स्कूल्स. त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत: एकत्र खेळ, एकत्र नेतृत्व आणि सगळ्या शाळेचा सहभाग.

पहिली आणि तिसरी गोष्ट जमते. मधली मात्र कागदावर जितकी सोपी दिसते तितकी नाही. शाळेच्या क्लबला दोन सहअध्यक्ष आहेत, एक अ‍ॅथलीट आणि एक पार्टनर. मी पालक म्हणून एका बैठकीला बसले होते. संघाच्या शर्टांचा रंग ठरवायचा होता. शिक्षिकेने अ‍ॅथलीट मुलाला विचारलं, "तुला कुठला आवडेल?" शेजारची पार्टनर मुलगी, अतिशय गुणी पोर, लगेच म्हणाली, "त्याला निळा आवडेल." तो काहीच म्हणाला नव्हता. पेनचं टोपण काढत होता, लावत होता, बहुधा विचार करत होता. शिक्षिकेने निळा लिहून घेतला. शर्ट निळेच आले.

माझं शालेय शिक्षण सांगलीत झालं. आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर विशेष मुलांची शाळा होती. राखीपौर्णिमेला आम्ही तिथे जायचो, राख्या बांधायचो, परत यायचो. बाकी वर्षभर भिंत ती भिंतच. आता काही बदललंय का? एकत्र संघ कुठे आहेत का? आणि असतील तर त्यात ठरवतं कोण?

टिवल्याबावल्या

वाचतोय. विषय नवीन आहे माझ्यासाठी.

कृष्णाकाठ

मी सातारा जिल्ह्यात अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक आहे. इथलं चित्र सांगतो, गोड करून सांगत नाही.

पटावर अशी मुलं आहेत. समावेशित शिक्षणाच्या याद्यांत त्यांची नावं आहेत, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक अधूनमधून येऊन जातात. पण खेळाचा तास आला की निरोप येतो, "त्याला सावलीत बसवा, पडला-बिडला तर कोण निस्तरणार?" साठ पोरं, एक शिट्टी, आणि अर्ध्या मैदानावर नव्या वर्गखोल्यांची खडी. अशात तो पोरगा शेवटी चपला सांभाळायला बसतो. त्यालाही ते काम आवडतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय.

दुसरी अडचण शालेय स्पर्धांची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं ते चक्र. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण असतात. चांगल्या खेळाडूच्या बापाला सांगा, "तुमचा मुलगा मिश्र संघात पार्टनर म्हणून घेतो", पहिला प्रश्न येतो, "त्याचे गुण धरतात का?" त्यांना नावं ठेवत नाही, त्यांचा हिशोब त्यांच्या जागी बरोबर आहे.

म्हणजे रानजाईताई, तुमच्याकडे कप्तान कोण यावर अडलंय, आम्ही अजून रेषेबाहेर आहोत. तरी करायचंच म्हटलं तर खो-खो, लंगडीत हे प्रमाण कसं बसवायचं? आमच्याकडे बास्केटबॉलचा खांब आहे, रिंग नाही.

पाटीपेन्सिल

विशेष शिक्षिका आहे, बरीच वर्षं या मुलांना स्पर्धांना घेऊन जाते. मोठा प्रतिसाद होणार, सांभाळून घ्या.

कृष्णाकाठ सर, खो-खोने सुरुवात करू नका. बघायला सोपा वाटतो, पण खो मिळाला की त्या क्षणी उठायचं, एकदा दिशा घेतली की मागे वळायचं नाही, पाठीमागचा कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय ते ध्यानात ठेवायचं. एवढे निर्णय एका श्वासात घ्यावे लागतात. लंगडीही नको. डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे स्नायू सैल असतात, एका पायावर तोल राखणं त्यांना खरोखर अवघड जातं. कबड्डीत झटापट आली. रिले घ्या. चार गुणिले शंभरमध्ये दोन अ‍ॅथलीट, दोन पार्टनर, झालं प्रमाण. बॅटन देणं-घेणं शिकायला वेळ लागतो, पण तोच भाग खरा एकत्र खेळण्याचा असतो.

दुसरा माझा लाडका खेळ बोची. एक छोटा चेंडू पुढे टाकायचा आणि मग प्रत्येक बाजूने चार-चार मोठे चेंडू त्याच्या जवळात जवळ घरंगळवायचे. आपल्या गोट्यांचाच थोरला भाऊ. पट्टा साधारण अठरा मीटर लांब आणि साडेतीन मीटरच्या वर रुंद, खडी नसलेल्या अर्ध्या मैदानात सहज मावेल. दुहेरीत एक अ‍ॅथलीट आणि एक पार्टनर. पळापळ नाही, व्हीलचेअरवरचं मूलही उतारपट्टी लावून खेळतं. शिवाय या खेळात नेम आणि डोकं लागतं, अंगातलं बळ नाही, म्हणून पार्टनर आपोआप वरचढ ठरत नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी चेंडू सोडण्याआधी खाली बसून जमिनीचा उतार बघते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

आता सगळ्यांना पडणारा प्रश्न: "मग स्पर्धा कसली, सगळ्यांनाच बक्षीस ना?" तसं नाही. स्पेशल ऑलिंपिक्समध्ये आधी प्राथमिक फेरी होते, त्यातल्या वेळा किंवा अंतरं बघून जवळपास सारख्या ताकदीच्या मुलांचे गट पाडतात. एका गटात तीन ते आठ. पहिल्या-शेवटच्यात पंधरा टक्क्यांच्या आसपासच फरक असावा असा प्रयत्न असतो. मग अंतिम फेरी चुरशीची होते, कारण प्रत्येकाला जिंकण्याची खरी संधी असते आणि हरण्याचीही. पहिल्या तिघांना पदकं, पुढच्यांना फिती. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावून खालच्या गटात शिरायचा डाव कुणी टाकू नये म्हणून त्यावरही नियम आहे. (हे डाव मुलं टाकत नाहीत हो, मोठी माणसं टाकतात.) शपथेचा अर्थही तोच आहे: मला जिंकू दे, आणि जिंकता आलं नाही तर धैर्याने प्रयत्न करू दे. 'मला जिंकवा' असं कुठेच म्हटलेलं नाही.

भारतात स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था हे काम बघते, केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रीडा महासंघ म्हणून तिला मान्यता आहे. बर्लिनला जून २०२३ मध्ये जागतिक स्पर्धा झाल्या तेव्हा आपल्या खेळाडूंनी २०२ पदकं आणली, त्यात ७६ सुवर्ण. वर्तमानपत्रांत दोन दिवस फोटो आले. विमानतळावर हार घातले गेले. पण त्यातल्या किती जणांना शेजारच्या सोसायटीतली पोरं संध्याकाळी खेळायला बोलावतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एक सावधगिरी, हिच्यावर तडजोड नको. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतला वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. ते ठीक म्हणेपर्यंत कोलांटउडी, सूर मारणं, फुटबॉलला हेडर असलं काही नाही. चालताना अचानक तोल जायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या तर खेळ थांबवून थेट डॉक्टर. फिट येणारं मूल असेल तर औषधाच्या वेळा प्रशिक्षकाला पाठ हव्यात.

आता रानजाई, तुमचा मुद्दा. त्या पेनच्या टोपणावरच मी बोट ठेवेन. या मुलांना प्रश्न कळून उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर कुणीही तोंड उघडायचं नाही. आम्ही शिक्षकसुद्धा तिसऱ्या आकड्याला घसरतो. दुसरं असं की या मुलांना 'हो' म्हणायची सवय लागलेली असते, कारण 'हो' म्हटलं की मोठी माणसं खूष होतात. म्हणून "निळा चालेल ना?" हा प्रश्नच बाद. तीन रंगांचे कापडाचे तुकडे टेबलावर ठेवा आणि एक उचलायला सांगा. दहा मिनिटांनी तुकड्यांची जागा बदलून परत विचारा. दोन्ही वेळा तोच उचलला तर ते खरं मत. बैठकीत काय-काय ठरवायचं ते चित्रांसकट आदल्या दिवशी हातात द्या, म्हणजे तो घरून विचार करून येईल. नेतृत्व म्हणजे माईक हातात देऊन 'थँक यू' म्हणायला लावणं नव्हे.

गोट्याची_आई

पाटीपेन्सिल, 'मला जिंकवा' वाचून हसू आलं आणि चिडही आली.

आमच्या गोट्याला डाऊन सिंड्रोम आहे. साध्या शाळेत जातो. शाळेच्या क्रीडादिनाला पन्नास मीटर धावण्यात त्याला घेतलं. बाईंनी बाकीच्या मुलांना आधीच कानमंत्र दिला होता की गोट्याला पुढे जाऊ द्या. शिट्टी झाली, पोरं धावली आणि अर्ध्यावर आज्ञाधारकपणे हळू झाली. गोट्याने मागे वळून बघितलं. सगळे चालतायत म्हणजे शर्यत संपली असं त्याला वाटलं, तोही थांबला. मग सगळे आठही जण मैदानाच्या मधोमध उभे. पीटीचे सर ओरडतायत "पळा!", बाई ओरडतायत "थांबा!", आणि एका मुलाने रडायलाच सुरुवात केली. शेवटी गोट्याला हाताला धरून रेषेपर्यंत नेलं आणि त्याला पहिला नंबर.

कप घरी आहे. तो त्यात खडू ठेवतो.

गोट्या घरी चुलतभावांबरोबर धावतो तेव्हा नेहमी शेवटचा येतो आणि 'परत' म्हणतो. त्याला हरायचं वावडं नाहीये, ते शाळेला आहे.

आडवा_प्रश्न

विरोधी सूर लावतो, कुणी वाईट वाटून घेऊ नये.

माझा मोठा भाऊ विशेष शाळेत शिकला. गोळाफेकीत जिल्ह्यात पहिला यायचा. शाळेत त्याचा दबदबा होता, धाकटी पोरं त्याच्या मागे-मागे फिरायची. तिथे तो दादा होता. त्याला साध्या शाळेच्या मिश्र संघात घातलं असतं तर काय झालं असतं? 'किती गोड आहे' असं म्हणणाऱ्या पार्टनरांच्या घोळक्यात तो कायमचा धाकटा झाला असता. नेतृत्व म्हणता ना, ते त्याला मिळालं ते वेगळ्या शाळेतच. समावेशनाच्या नादात त्या जागा बंद पडणार असतील तर मला ते नको.

आणि हे पार्टनर. दोन वर्षं खेळतील, परदेशातल्या कॉलेजच्या अर्जात निबंध लिहितील, निघून जातील. माझा भाऊ आज चाळिशीचा आहे. त्याच्याबरोबर खेळायला कोण आहे? मी. तेही रविवारी.

रानजाई

आडवा_प्रश्न, वाईट का वाटावं? निबंधाचं तर अगदी खरं आहे, इथे त्याचा सुळसुळाट आहे. लेकीलाही मी विचारलं. ती म्हणाली, "असेल, पण मग निबंध लिहून झाल्यावर जे येतात तेवढे मोज ना."

वेगळ्या स्पर्धा बंद करायचं कुणीच म्हणत नाहीये. इथेही दोन्ही चालू आहेत, एकच मूल शनिवारी स्वतंत्र स्पर्धेत धावतं आणि आठवड्यात शाळेच्या मिश्र संघात खेळतं. दादा असण्याची जागा हवीच. लोरेटा क्लेबोर्नचं नाव ऐकलं असेल. पेनसिल्व्हेनियातली धावपटू, बौद्धिक अक्षमता, मॅरेथॉन धावली. १९९६ मध्ये तिला धैर्यासाठीचा आर्थर अ‍ॅश पुरस्कार मिळाला आणि पुढे ती स्पेशल ऑलिंपिक्सच्या संचालक मंडळावर बसली. ती घडली ती वेगळ्या स्पर्धांतच. पण मंडळाच्या टेबलाशी बाकीचे वेगळे नव्हते. त्या टेबलाची सवय कुठेतरी शाळेत लागायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

गोट्याची आई, मी हसत होते आणि नवऱ्याने विचारलं काय झालं, तर सांगता येईना.

ठाणे_लोकल

कॉलेजला आहे. अकरावीत असताना विशेष शाळेतल्या मुलांबरोबर बोचीत पार्टनर होतो. निबंध वगैरे लिहिलेला नाही, खुलासा संपला. :)

सगळ्यात अवघड काय होतं सांगतो. माझा जोडीदार चेंडू टाकायच्या आधी फार वेळ घ्यायचा आणि मला दिसायचं की तो चुकीच्या बाजूने टाकतोय. मी "अरे डावीकडून" म्हटलं की तो डावीकडून टाकायचा आणि नेम जायचा, कारण तो त्याचा नेमच नसायचा. मी गप्प राहिलो की निम्म्या वेळा त्याचाच अंदाज बरोबर निघायचा. मैदान त्यांच्या शाळेचं होतं, उतार त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. मग आम्ही ठरवलं, म्हणजे त्यानेच ठरवलं, की आधी तो टाकणार आणि मी नंतर निस्तरणार.

अजूनही व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी त्याचा सुप्रभात येतो. फुलांचा फोटो. न चुकता.

कलम_बहाद्दर

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण 'सावलीत बसवा'वर उपाय आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, अंमल १९ एप्रिल २०१७ पासून. कलम १६ नीट वाचा. शासनाच्या निधीवर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि इतरांच्या बरोबरीने खेळ व मनोरंजनाची संधीही द्यायची आहे. 'खेळ' हा उल्लेख त्याच वाक्यात आहे. कलम ३० संपूर्ण क्रीडाविषयक आहे. अर्ज करताना मुख्याध्यापकांच्या नावे करा, कलम घाला, मूल कुठल्या खेळात भाग घेऊ शकतं हे डॉक्टरांच्या पत्रासह लिहा आणि पोच घ्या. भांडायला जाऊ नका, पोच पुरते.

दुसरं अस्त्र लोक विसरतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि त्यात वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यायच्या आहेत. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं त्या वंचित घटकात आली. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही, पण जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांना आहे. मुलांच्या नेतृत्वाची चर्चा चालू आहे, आई-बापांनीही खुर्ची धरावी. क्रीडासाहित्याचा विषय तिथे मांडता येतो.

कृष्णाकाठ

उपयोगी धागा झाला. कलम १६ची प्रत काढून ठेवली.

माझा बेत असा. गावातल्या विशेष शाळेच्या बाईंशी बोललोय, त्या तयार आहेत. दिवाळीनंतर दोन्ही शाळांचा मिळून बोचीचा आणि रिलेचा सराव, आठवड्यातून एकदा. आमच्या पटावरचीही मुलं त्यात. बोचीचे चेंडू महाग दिसतायत, तर रबरी चेंडू चालतील का? पार्टनर निवडताना जिल्ह्याला जाणारी पोरं घेणार नाही, जी कधीच संघात नसतात ती घेणार. गुणांचा प्रश्नच मिटला. आणि कप्तान दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून, म्हणजे भांडण नको. कसं वाटतं?

पाटीपेन्सिल

चेंडू चालतील, फक्त फार उसळणारे नकोत. सुरुवातीला कापडी पिशव्यांत वाळू भरून फेकल्या तरी नेम बसतो. पार्टनरांची निवड तर फारच आवडली.

चिठ्ठ्या मात्र नकोत. सगळ्यांनाच कप्तान व्हायचं नसतं, काहींना नुसतं खेळायचं असतं आणि चिठ्ठीत नाव निघालं की ती मुलं घाबरतात. आणि दर आठवड्याला माणूस बदलला तर कुणालाच काम येत नाही. आधी कामं वेगळी करा: नाणेफेक, कोण कितवा खेळणार ते ठरवणं, वॉर्म-अपचे आकडे म्हणणं, साहित्य मोजून घेणं, पंचाशी बोलणं. प्रत्येकाला विचारा यातलं काय करशील. ज्याला क्रम ठरवायचाय तो कप्तान. त्याला महिना-दोन महिने राहू द्या.

आडवा_प्रश्न

आणि उपकप्तान पार्टनर ठेवलात की तोच सगळं चालवणार. लिहून घ्या.

पाटीपेन्सिल

हा धोका आहेच. म्हणून दोघांसमोर एक नियम सांगून टाकायचा: टाइमआउटला सरांशी बोलायला फक्त कप्तान येईल. उपकप्तान आला तर सर ऐकणार नाहीत.

कृष्णाकाठ

मान्य. पण टाइमआउट तीस सेकंदांचा असतो हो. तुम्हीच म्हणालात, दहापर्यंत मोजायचं.

पाटीपेन्सिल

सर, मैदान तुमचं, शिट्टी तुमची. दोन मिनिटांचा करा.

आडवा_प्रश्न

दिवाळीनंतर कधी ते इथे टाका. रविवार असेल तर भावाला घेऊन येतो. गोळाफेक ठेवणार असाल तर.